अंतरपाटाची सुलट बाजू

बायनाबाईंचं आणि त्या मशीनचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि त्यांच्या भांडणात पाच महिने मी भरडले गेले. माझा गुन्हा एवढाच, की मी शेजारी राहते आणि मला इंग्रजी वाचता येतं. मी राजेश्री. पूर्णेत जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते. स्वभाव तापट आहे, हे माझा नवराही सांगेल आणि माझे विद्यार्थीही. चुकीचं काही दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडं जातो.

बायनाबाई आमच्या गल्लीत झंपर, म्हणजे ब्लाउज, शिवतात. पन्नाशी ओलांडलेली, पायमशीनवर पंचवीस वर्षं काढलेली बाई. यजमान रंगनाथराव रेल्वेत ट्रॅकमन आहेत. दिवसभर रुळाच्या कडेने चालायचं काम, त्यामुळं घरी आले की बाजेवरून उठायचं म्हणजे त्यांना संकट वाटतं. बायनाबाईंना टेप लागत नाही. बाई दारातून आत येईपर्यंत त्यांना तिचं माप कळलेलं असतं. वर तोंडावर सांगतात, "वैनी, मागच्या दिवाळीपेक्षा दीड इंच वाढलाव तुमी." लोकांना राग येतो, पण झंपर अंगासारखा बसतो म्हणून परत येतात.

तर ते मशीन. त्यांचा धाकटा भाऊ महारुद्र परभणीत कपड्याचं दुकान चालवतो. त्यानं हौसेनं भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं होतं. दुकानात कुणालाच ते चालवता येईना, म्हणून दोन वर्षं चादरीखाली पडून होतं. दिवाळी झाल्यावर एक दिवस टेम्पोत घालून त्यानं ते बहिणीच्या ओसरीवर आणून ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, चाललं तर तुझं. पण तुला न्हाई जमायचं हे, आधीच सांगतो. हे शिकलेल्या लोकाचं काम हाय."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर माझे पाच महिने सुखात गेले असते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बायनाबाई माझ्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या. एरवी त्या मला चहा प्यायला बोलावतात, घेऊन कधी येत नाहीत. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"मॅडम, भक्तीचं वैशाखात धरलंय," त्या म्हणाल्या. भक्ती ही त्यांची एकुलती एक लेक. सोनपेठकडच्या जीवन नावाच्या मुलाशी जमलं होतं, ते मला माहीतच होतं. "अंतरपाट म्या करणार. त्या मिशिनीवर. दोघायची नावं, मधी सातिया, कडंनं वेल. तुमी फक्त ते पुस्तक वाचून दाखवा."

मी म्हटलं, अहो, तयार अंतरपाट मिळतात, हवी ती नावं टाकून देतात. त्यावर त्या खाली बघत जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही.

"आमच्यात वधूमाय लग्न बघत न्हाई, मॅडम. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं. सगळं गाव पोरीच्या भोवती आसतंय, आन् आई तेवढी नसते. आन् पोरीच्या डोळ्यापुढं तवा काय आसतंय? तेच कापड. नवरा दिसत न्हाई, मानसं दिसत न्हाईत. आठ-दहा मिंटं निस्तं कापड. मी न्हाई तर न्हाई, माझा हात तरी तिच्यापुढं पायजे का नको?"

मी चहा प्यायले आणि अडकले.

मशीनसोबत इंग्रजी पुस्तिका होती. मला वाटलं होतं, बावीस वर्षं शिकवणारीला एक पुस्तिका काय जड आहे. पण इंग्रजी येणं वेगळं आणि त्या पुस्तिकेतलं इंग्रजी येणं वेगळं. प्रत्येक भागाला आकडा, प्रत्येक आकड्याला चित्र, आणि चित्रातला बाण नेमका दोन भागांच्या मधोमध. मी वाचायची, त्या करायच्या. मशीन सुरू व्हायचं, दहा-बारा टाके नीट पडायचे आणि मग खालून घरघर असा आवाज यायचा. कापड उचलायला जावं तर उचलता येईना. खाली धाग्याचा हा मोठा गुंता, कापडासकट मशीनमध्ये रुतलेला.

"परत खाल्लं बयानं," बायनाबाई म्हणायच्या. मशीनला त्या बयाच म्हणत. मग कात्री घेऊन तो गुंता कापत बसायचं. कधी धागा निघायचा, कधी कापडालाच भोक पडायचं.

हे एक दिवस नाही, अकरा दिवस चाललं. मी धाग्याचा ताण वाढवायला सांगितला, कमी करायला सांगितला. खालचं बॉबिन बदललं, सुई बदलली, रीळ बदललं. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मशीनच खराब आहे, म्हणून तर तुमच्या भावानं दिलं." तसं म्हणायला नको होतं. बायनाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुस्तिका मिटून घरी निघून आले आणि दोन दिवस गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. मशीन चालू होतं आणि घरघर नव्हती. चूक काय होती, ते त्यांनी स्वतःच शोधलं होतं. सुईपाशी कापड दाबून धरणारा जो पाय असतो, तो वर उचलून मगच धागा ओवायचा. पाय खाली असला तर धागा आत नीट बसत नाही, वरच्या वर राहतो. बायनाबाईंना पंचवीस वर्षांची सवय अशी, की मशीनपुढं बसलं की आधी पाय खाली टाकायचा. हात आपोआप तेच करायचा. ती सवय आडवी येत होती.

घरी येऊन मी पुस्तिका उघडली. नवव्या पानावर ते लिहिलेलं होतं. मी वाचूनही दाखवलं होतं, पण एका दमात, मुलं कविता म्हणतात तसं. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

पुढचं भांडण चुण्यांचं. भरतकामाच्या रिंगेत कापड ताणून बसवलं तरी फूल पूर्ण झालं की त्याच्याभोवती कापड आक्रसायचं. पुस्तिका म्हणे, खाली आधाराला एक विशिष्ट कागद लावा. तो कागद पूर्णेत मिळेना. बायनाबाईंनी डोकं चालवलं आणि वर्तमानपत्र घातलं. चुण्या गेल्या. पण पांढऱ्या कापडावर शाई उतरली, आणि मोगऱ्याच्या फुलाशेजारी बाजारभाव उमटले. मग त्यांनी माझ्याकडच्या वह्यांचे पुठ्ठे मागितले. सुई मोडली. एक तुकडा उडून त्यांच्या कपाळाला लागला. रंगनाथराव बाजेवरूनच म्हणाले, "डोळा गेला आसता म्हंजी? दे ते वापस महारुद्राला."

"डोळा माझा हाय," बायनाबाई म्हणाल्या आणि कपाळाला हळद लावून परत बसल्या.

शेवटी उपाय सापडला तो साडीच्या पिशवीत. दुकानदार हल्ली ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पिशव्या देतात, ती कापून खाली लावली तर फूल सपाट, एक चुणी नाही. आम्ही दोघी इतक्या खूश झालो, की गल्लीतल्या घराघरांतून पिशव्या गोळा केल्या. आणि त्याच दिवशी बायनाबाईंनी त्या फुलावर इस्त्री फिरवली. पिशवी वितळली, इस्त्रीला चिकटली, फूल कडक झालं. त्या इस्त्री घेऊन अंगणात गेल्या आणि विटकरीच्या तुकड्यानं तास-दीड तास घासत बसल्या. मी दारातून बघत होते. मला त्यांचा राग येत होता, मशीनचा येत होता आणि महारुद्रचा तर फारच येत होता.

संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. वेल जमायला लागली तर लाईट जाऊ लागली. भरतकाम अर्ध्यात असताना लाईट गेली की आपण कुठवर आलो ते मशीन विसरतं. बायनाबाई अंदाजानं रिंग परत जागेवर आणायच्या आणि पुढचा भाग बोटभर सरकून उमटायचा. देठ एकीकडं, फूल एकीकडं. मग उसवायचं. भरतकाम उसवणं म्हणजे शिवण उसवणं नव्हे. एका पानात हजार टाके असतात आणि प्रत्येक टाका दुसऱ्याला धरून असतो. त्या चष्मा लावून उन्हात बसायच्या आणि उसवत राहायच्या. झंपरं मागं पडली. बायका येऊन भांडून गेल्या. एकीनं तर सरळ विचारलं, "बायनाबाई, तुमी शिवायलाव का उसवायलाव?" मी तिथं होते. मला हसू आलं, पण बायनाबाईंचा चेहरा बघून गिळलं.

मग नावांचा प्रश्न आला. मशीनच्या पोटात फक्त इंग्रजी अक्षरं. मराठी नावांचं डिझाइन नांदेडची एक बाई करून देते असं कळलं. तिनं फोनवर पाठवलं, आम्ही पेन ड्राइव्हमध्ये घातलं, मशीननं काढलं. "भक्ती"चा "क" मोडलेला, पायात हलन्त घालून "त"पासून लांब बसवलेला. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगवेगळी. आता मात्र माझा विषय होता. मी त्या बाईला फोन करून जोडाक्षर म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, मशीनला काय कळतंय. मी म्हटलं, मशीनला नाही, मला कळतंय. तीन वेळा परत पाठवलं. मुलाकडच्यांनी नाव कागदावर "जिवन" असं लिहून दिलं होतं, तेही मी "जीवन" केलं. बायनाबाई भीत भीत म्हणाल्या, "मॅडम, त्यायच्या घरचं नाव हाय ते." मी म्हटलं, चुकीचं नाव घेऊन मुलीनं संसार सुरू करायचा का?

रामनवमीच्या आसपास खऱ्या कापडाला हात घातला. पिवळसर पांढरं सुती कापड, दोन हात रुंद. त्यातही रिंग लहान, म्हणून एक एक तुकडा जुळवत जायचं. कडेची वेल एकवीस वेळा रिंग बदलून झाली. मधे लाल सातिया, म्हणजे स्वस्तिक. खाली हिरव्यात दोन नावं. भक्तीला बघायची मनाई होती. ती ओसरीवर आली की बायनाबाई काम चादरीखाली झाकायच्या. "तुला तवाच दिसंल," एवढंच म्हणायच्या. मी रोज एक एक अक्षर, एक एक पान तपासत होते. लग्न शुक्रवारी होतं. मंगळवारी दुपारी काम संपलं आणि त्यात मला लाल पेन लावावं असं काही नव्हतं.

भक्ती मावशीकडं गेली होती. बायनाबाई म्हणाल्या, "धरा मॅडम एक कोपरा. ह्यायला दाखवू." आम्ही दोघींनी खोलीच्या मधोमध अंतरपाट उंच धरला. रंगनाथराव बाजेवर बसून बघत राहिले. त्यांचं तोंड उघडंच होतं. "हे तू केलंस?" ते म्हणाले. बायनाबाईंना इतकं सुखावलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग रंगनाथराव पाणी प्यायला उठले. माठ पलीकडच्या कोपऱ्यात होता. पाणी पिऊन ते मागं वळले आणि तिथंच थांबले.

"आन् ही कोनाची बाजू?" त्यांनी विचारलं.

आम्हाला कळेना. ते म्हणाले, "न्हाई, नवरदेव तिकडून उभा ऱ्हाईल. पोरगी इकडून. मग पोरीनं हे बघायचं का?"

बायनाबाईंनी आपला कोपरा माझ्या हातात दिला आणि त्या पलीकडं गेल्या. मी मान वाकडी करून बघितलं. मागच्या बाजूला बॉबिनचा पांढरा धागा, गाठी, तुटलेली टोकं. टाक्यांखाली अडकलेले पिशव्यांचे तुकडे, त्यातल्या एकावर साडीच्या दुकानाचा अर्धा फोन नंबर. दोन्ही नावं आरशात दिसतात तशी उलटी. आणि मधे उलटा सातिया. उलटं स्वस्तिक मंगलकार्यात कुणी दारावरसुद्धा काढत नाही.

झंपराला आतली बाजू असते, ती कुणी बघत नाही. पंचवीस वर्षं बायनाबाईंनी एका बाजूनंच कापड बघितलं होतं. आणि मी? बावीस वर्षं वह्या तपासणारी, "क"च्या पायातल्या हलन्तासाठी नांदेडला तीनदा फोन करणारी, मी पान उलटून बघितलं नाही. अंतरपाटाला दोन्हीकडून माणसं असतात, हे आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत होतं. बायनाबाई पाच महिने जिच्यासाठी मरत होत्या, ती पोरगीच नेमकी उलट बाजूला उभी राहणार होती. मला रडू कोसळलं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "सोडा मॅडम. खाली ठिवा ते."

बुधवारी त्यांनी दुसरं कापड घेतलं. तसंच दुसरं काम करून दोन्ही पाठीला पाठ लावून शिवायचे, म्हणजे दोन्हीकडून सुलट. डोकं चांगलं होतं, पण दिवस कुठं होते? घरात पाहुणे भरले होते. पोरं ओसरीवर खेळत होती. नुसती नावं तरी व्हावीत म्हणून त्या बसल्या. "भक्ती" मधल्या जोडाक्षरावर मशीननं घरघर केली आणि कापड खाल्लं. गुंता कापायला गेल्या तर बोट जाईल एवढं भोक पडलं. बायनाबाईंनी मशीनचं बटण बंद केलं आणि वायर काढून गुंडाळून ठेवली.

मग निघाला तो साधा मार्ग. मागच्या बाजूला कोरं कापड लावून ते शिवून टाकलं. गाठी झाकल्या, उलटा सातिया झाकला. कोऱ्या बाजूवर गुरुजी कुंकवानं सातिया काढतील, असं ठरलं. आता एक बाजू भरलेली आणि एक कोरी. प्रश्न उरला, भरलेली बाजू कुणाकडं.

तो प्रश्न असा कुणाला वाटलाच नाही. महारुद्र म्हणाला, "विचारायचं काय त्यात? पाव्हन्याच्या तोंडापुढं कोरं फडकं धरायचं का? त्यायचे फोटोवाले येनार, शूटिंग व्हनार. आक्काचं काम त्यायला दिसूं द्या की. इज्जत हाय आपली." सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगनाथरावांनीसुद्धा. त्यात भावाचा काही वाईट हेतू नव्हता. उलट आता तो ज्याला त्याला सांगत होता, की मशीन मीच दिलं.

बायनाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमाला बरं वाटंल तसं करा." मी त्यांच्याकडं बघत राहिले. ह्या बाईनं सुईचा तुकडा कपाळात घेतला, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, आणि आता चार माणसांपुढं एक वाक्य बोलत नव्हती. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बाहेर येऊन मी म्हणालेही, "बोलत का नाही तुम्ही?"

"पोरीची आई हाय मी, मॅडम," त्या म्हणाल्या. "आज मी तोंड उघडलं तर उद्या त्यायच्या घरी तिला बोलनं बसतंय." मग म्हणाल्या, "तुमी तेवढं भक्तीच्या मागं उभ्या ऱ्हावा. तिकडून कसं दिसलं ते मला सांगा."

शुक्रवारी कार्यालयात ही गर्दी. मुहूर्त बाराचा, वाजले होते साडेबारा, गुरुजी घाईला आलेले. वाजंत्री थांबली तशा बायनाबाई उठल्या, तांब्या घेतला आणि मागच्या दारानं तुळशीकडं गेल्या. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी भक्तीच्या मागं उभी राहिले. माझ्या शेजारी मामा म्हणून महारुद्र होता.

गुरुजींनी एक टोक धरलं, दुसरं मुलाच्या चुलत्यानं. अंतरपाट वर गेला. माझ्यासमोर कोरं कापड होतं, मधे घाईत काढलेला कुंकवाचा सातिया, ओघळलेला. भक्तीची पाठ ताठ होती. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "वा, काय काम हाय." गुरुजींनी घसा साफ केला.

"गुरुजी, उलटा धरलाय," मी म्हणाले.

मी ते ठरवलं नव्हतं. पण आवाज माझा शाळेतला होता, चौथीच्या वर्गाला गप्प करणारा, आणि त्या आवाजाला सवाल-जवाब करायची पद्धत नाही. गुरुजी गोंधळले. एकदा कापडाकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. चुलत्याला म्हणाले, "फिरवा हो, फिरवा लवकर." दोघं जागा बदलून उभे राहिले आणि वेल, सातिया, नावं सगळं भक्तीसमोर आलं.

"मॅडम, हे काय केलंत?" महारुद्र दात आवळून म्हणाला.

"सुलट केलं," मी म्हणाले. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याला अक्षता टाकाव्या लागल्या.

सगळं आटोपल्यावर बायनाबाई रिकामा तांब्या घेऊन आल्या. मला लांबूनच बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. पुढं पंगतीत मुलाची एक आत्या ऐकवून गेली, की आमच्याकडून तर नुसतं कोरंच होतं बाई. अंतरपाट त्यांनी मागितला नाही. तो घडी होऊन बायनाबाईंच्याच पेटीत परत आला.

पाचव्या दिवशी भक्ती परतणीला माहेरी आली. मी शाळेतून येऊन तशीच तिकडं गेले. आई-लेकी बोलत बसल्या होत्या. सासूचं झालं, दिराचं झालं, तिकडच्या पाण्याचं झालं. बायनाबाई थांबून राहिल्या होत्या, ते मला दिसत होतं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "आन् अंतरपाट कसा दिसला गं?"

भक्तीनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "खरं सांगू का, आई? मला काहीच दिसलं न्हाई."

"म्हंजी?"

"कापड वर गेलं तवा मी तुला हुडकायले. तू जातेस हे मला म्हाईत होतं, तरीबी हुडकायले. तू नव्हतीस. मंग डोळे भरले ते भरलेच. अक्षता पडंपस्तोर निस्तं लाल-हिरवं दिसायलं. नाव लिहिलंय का काय लिहिलंय, कायबी कळलं न्हाई."

बायनाबाई उठल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्यांचा चेहरा तापला होता. "पाच महिने," त्या म्हणाल्या. "पाच महिने त्या बयानं माझं रगत पिलं. मॅडमनं पाव्हन्यायचा राग घेतला. आन् तू तिथं रडत उभी व्हतीस? तुला बघायचं सोडून रडायलाच सापडलं का?"

"आई, अगं..."

"गप बस."

त्यांनी पेटी उघडली, अंतरपाट काढला आणि मला म्हणाल्या, "धरा मॅडम." मी पर्स खाली टाकली आणि कोपरा धरला. भर दुपारचं ऊन दारातून आत येत होतं. आम्ही तो तिच्यासमोर उंच धरला. भरलेली बाजू तिच्याकडं.

"आता बघ," बायनाबाई म्हणाल्या. "आता मीबी हाय हितं."

भक्ती बघत राहिली. कडेच्या वेलीवरून तिची नजर सावकाश फिरत गेली. सातियावर आली, खाली नावांवर आली. तिनं बोट लावून आपलं नाव चाचपलं, मग जीवनचं. माझे खांदे भरून आले. बायनाबाईंनी कापड जराही खाली येऊ दिलं नाही. भक्तीच्या ओठांचा आकार बदलायला लागला तसं त्यांनी ओळखलं.

"भक्ते," त्या म्हणाल्या, "परत रडायलीस तर बघ. नीट बघून घे आधी, मग काय रडायचं ते रड."

भक्तीनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि पुन्हा वरच्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली. आम्ही दोघी हात वर करून तशाच उभ्या राहिलो.